‘अल्कलॉइड’ला मराठीत ‘क्षाराभ’ म्हणावे का? वनौषधींच्या परिभाषेविषयी काही शंका

संज्ञावही (धागाकर्ता)

नमस्कार. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाला मी वनस्पतिजन्य औषधद्रव्यांचा विषय शिकवतो. वर्गातली बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. इंग्रजी व्याख्या ती पाठ करतात, परीक्षेत जशाच्या तशा उतरवतात आणि ‘म्हणजे काय?’ असे विचारले की खाली पाहतात. त्यांच्यासाठी सुमारे दीडशे संज्ञांची एक मराठी वही तयार करण्याचे काम मी सध्या हाती घेतले असून तीन ठिकाणी माझे अडले आहे.

पहिली अडचण ‘अल्कलॉइड’ची. माझ्या कच्च्या खर्ड्यातली व्याख्या अशी आहे: ‘वनस्पतींमध्ये आढळणारे, नायट्रोजनयुक्त, आम्लारिधर्मी, चवीला कडू आणि अल्प मात्रेतही शरीरावर तीव्र परिणाम करणारे सेंद्रिय संयुग म्हणजे क्षाराभ.’ यावर एका विद्यार्थिनीने विचारले की, संधिवातावर दिले जाणारे कोल्चिसीन आम्लारिधर्मी नाही असे पुस्तकातच लिहिले आहे, मग त्याची गणना अल्कलॉइडांमध्ये कशी होते? दुसऱ्याने विचारले की, ‘क्षाराभ’ म्हणजे मिठासारखे काही असते का? दोन्ही प्रश्न मला रास्त वाटले आणि दोहोंचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही.

दुसरी अडचण ‘ग्लायकोसाइड’ची. ‘साखर आणि साखरेतर भाग यांचे संयुग’ एवढी व्याख्या बरोबर आहे, परंतु तिच्यातून औषधाविषयी काहीच कळत नाही. तिसरी अडचण ‘कंद’ या शब्दाची, कारण जमिनीतून जे जे जाडजूड निघते त्या सगळ्याला आपण कंदच म्हणतो. जाणकारांनी मदत करावी.

नवसागर

तुमच्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याने नेमके दुखण्यावर बोट ठेवले आहे. महाराष्ट्रातल्या शालेय पुस्तकांत आम्ल, आम्लारी आणि क्षार हे तीन शब्द ठरलेले असून आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून जे तयार होते ते क्षार, म्हणजे मीठ हा क्षार. हिंदीत मात्र आपल्या आम्लारीलाच क्षार म्हणतात. ‘क्षाराभ’ हा शब्द हिंदीच्या वाटेने आला असावा असा माझा समज आहे. तिकडे तो चपखल बसतो, पण मराठी मुलाला तो ‘मिठासारखा पदार्थ’ असेच सांगतो. घोटाळा एवढ्यावर थांबत नाही. मॉर्फीन सल्फेट, क्विनीन सल्फेट, अॅट्रोपीन सल्फेट ही सगळी औषधे म्हणजे अल्कलॉइडाचे आम्लाशी बनलेले क्षारच आहेत, तेव्हा तुमच्या वहीत ‘क्षाराभाचा क्षार’ असे लिहावे लागेल आणि ते वाचून मुले पुन्हा खालीच पाहतील.

शब्दाचा जन्म येथे उपयोगी पडतो. जर्मनीतल्या हाले शहरातील औषधविक्रेते कार्ल माइस्नर यांनी १८१९ मध्ये हा शब्द घडवला. त्याआधीच्या काही वर्षांत जर्मन औषधविक्रेते झेर्ट्युर्नर यांनी अफूतून मॉर्फीन वेगळे काढले होते. वनस्पतींतून निघणारे पदार्थ आम्लधर्मी किंवा उदासीन असतात अशी तोवरची समजूत असल्यामुळे आम्लाशी संयोग पावून क्षार बनवणारा वनस्पतिजन्य पदार्थ ही त्या काळी मोठीच नवलाई होती. म्हणून ‘अल्कलीसारखा’ तो अल्कलॉइड. त्याच सुमारास पेलेत्ये आणि काव्हांतू या फ्रेंच जोडीने १८१८ मध्ये काजऱ्याच्या बियांतून स्ट्रिक्नीन आणि १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढले. हे सारे आम्लारिधर्मी असल्यामुळे नाव पक्के झाले.

आम्लारिधर्म हा नुसता वर्गीकरणाचा तपशील नाही. आम्लाशी बांधलेला अल्कलॉइड पाण्यात सहज विरघळतो, तर मोकळा अल्कलॉइड पाण्यात कमी आणि क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकांत अधिक विरघळतो. काढणीची जवळजवळ सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे. मुलांना हे सांगताना तंबाखू मळणाऱ्या माणसाचे उदाहरण द्यावे. तंबाखूच्या पानात निकोटीन बव्हंशी सेंद्रिय आम्लांशी बांधलेले असते. चुना लावून मळले की ते मोकळे होते आणि मोकळे निकोटीन गालाच्या आतल्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरते. तळहातावर चुना घासणारा माणूस अल्कलॉइडाचा क्षार मोडीत असतो, हे त्याला ठाऊक नसते इतकेच. (सवय मात्र वाईट, हे वर्गात सांगायला विसरू नये.)

आता कोल्चिसीन. त्याच्या रेणूत नायट्रोजन आहे, पण तो अमाइड स्वरूपात असल्याने त्याच्यात आम्लारिधर्म जवळपास उरलेला नाही. कॅम्प्टोथेसीनची गोष्ट तशीच. मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये ते एका चिनी वृक्षातून वेगळे काढले. यांतले वाणी मूळचे नंदुरबारचे, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. सह्याद्रीत ‘नरक्या’ नावाचे जे दुर्गंधी फुलांचे झाड आहे त्यातही हेच द्रव्य सापडते आणि त्यापायी त्या झाडाची बेसुमार तोड झाली. कॅम्प्टोथेसीनपासून बनवलेली इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही औषधे कर्करोगावर वापरली जातात. कॅम्प्टोथेसीन स्वतः मात्र आम्लाशी धड क्षारही बनवत नाही. तरीही त्याला अल्कलॉइड म्हणतात, कारण वनस्पतीच्या पेशीत ते ज्या मार्गाने घडते तो आम्लारिधर्मी अल्कलॉइडांचाच मार्ग आहे. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आययूपॅकने, आपल्या व्याख्येत हीच तडजोड केली आहे: मुख्यत्वे वनस्पतींत आढळणारी, बहुधा विषमवलयी (म्हणजे वलयात कार्बनखेरीज अन्य अणूही असलेली) आणि आम्लारिधर्मी नायट्रोजनयुक्त संयुगे, आणि त्यांच्याशी जैविक उत्पत्तीने नाते असलेली काही उदासीन संयुगेही. अमिनो आम्ले, प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्ले तिने स्पष्टपणे वगळली आहेत; तुमच्या व्याख्येत हे वगळणे राहून गेले आहे.

‘चवीला कडू’ आणि ‘तीव्र परिणाम करणारे’ हे शब्द व्याख्येतून काढून वर्णनात टाकावेत. कडुनिंब कडू आहे, पण त्याचा कडूपणा लिमोनॉइडांचा आहे आणि त्यांत नायट्रोजन नाही. संज्ञा म्हणून ‘अल्कलॉइड’च ठेवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आघाडा

नवसागर यांचे रसायनशास्त्र मान्य आहे, परंतु ‘क्षार’ या शब्दाला त्यांनी जी वागणूक दिली ती मला मान्य नाही. मी आयुर्वेदाचा वैद्य असून माझे सदस्यनामच या वादात साक्षीला उभे राहू शकते. आघाडा वाळवून जाळावा, राख पाण्यात कालवून ठेवावी, निवळ गाळून घ्यावी आणि ती आटवावी, म्हणजे भांड्याच्या तळाशी जे उरते तो अपामार्गक्षार. त्यात प्रामुख्याने पोटॅशियम कार्बोनेट असते आणि ते चांगलेच अल्कधर्मी असते. क्षारसूत्र, म्हणजे असा क्षार लावलेला औषधी दोरा, कापते, जाळते, व्रण शुद्ध करते, ते या गुणामुळे. आता ‘अल्कली’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पाहा: खारट जमिनीतल्या झुडपांची राख. म्हणजे अरबांची अल्कली आणि आपला क्षार ही एकाच चुलीतली राख आहे! माइस्नर यांच्या शब्दाचे ‘क्षाराभ’ हे भाषांतर व्युत्पत्तीच्या दृष्टीने अक्षरशः अचूक असून अर्थ बदलला तो शालेय पुस्तकांनी, शब्दाने नव्हे.

तरीही वही कोणासाठी आहे हे पाहता मी हट्ट धरणार नाही. दहावीत क्षार म्हणजे मीठ असे शिकून आलेल्या मुलाला अकरावीनंतर क्षार म्हणजे आम्लारी असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय होईल. ‘अल्कलॉइड’ हाच शब्द ठेवा, मात्र ‘क्षार’ या नोंदीत दोन्ही अर्थ द्या आणि आयुर्वेदाच्या ग्रंथातला क्षार म्हणजे मीठ नव्हे, अशी सूचना ठळक अक्षरांत द्या. औषधांच्या दुकानात बसल्यावर त्यांना यवक्षारही विकावा लागेल आणि चिठ्ठीवरचा ‘पोटॅशियम क्षार’ही वाचावा लागेल.

एक गोष्ट मात्र मला अधिक महत्त्वाची वाटते. द्रव्याच्या व्याख्येत वनस्पतीचा भाग आल्यावाचून ती पुरी होत नाही. कोरफडीचे पाहा. पानाच्या सालीलगत जो पिवळा, कडू रस असतो तो आटवून काळा बोळ होतो. त्यात अॅलोइन असते आणि तो रेचक आहे. पानाच्या गाभ्यातला बुळबुळीत पारदर्शक गर मुख्यतः पाणी आणि बहुशर्करा यांचा असून तो भाजल्यावर लावतात. एकाच पानातली ही दोन द्रव्ये, आणि जाहिराती मात्र दोहोंना ‘कोरफडीचा रस’ म्हणतात. अश्वगंधेच्या मुळात आणि पानात विदॅनोलाइड या क्रियाशील द्रव्यांचे प्रमाण असेच वेगवेगळे असते, त्यांतले विदाफेरीन-ए पानात जास्त. म्हणून मुळाच्या जागी पाने घातलेले चूर्ण हे अश्वगंधा चूर्ण नव्हेच.

पेरेकांडे

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले, म्हणून ‘कंदा’वर दोन शब्द लिहितो. घरात आणि बाजारात कंद हा शब्द सैल राहिला तरी बिघडत नाही. वहीत मात्र पाच वेगवेगळ्या गोष्टी पाच शब्दांत मांडाव्या लागतील. हळद आणि आले हे जमिनीत आडवे वाढणारे खोड आहे, त्याला मूलक्षोड म्हणतात. बटाटा हे फुगलेल्या भूमिगत फांदीचे टोक, म्हणजे ग्रंथिक्षोड. सुरण आणि अळकुड्या म्हणजे उभे, भरीव, आखूड खोड. त्याला दृढकंद किंवा घनकंद हे दोन्ही शब्द रूढ आहेत. कांदा आणि लसूण यांत खोड नावापुरते चकतीएवढे असून बाकी सारे अन्न साठवलेल्या पर्णतलांचे थर असतात, आणि काटेकोर परिभाषेत ‘कंद’ हा शब्द त्यांच्यासाठीच राखून ठेवलेला आहे. रताळे, शतावरी, अश्वगंधा ही मुळेच आहेत.

ओळखण्याची खूण सोपी आहे. खोडाला पेरी असतात, पेरावर खवले किंवा त्यांचे वण असतात आणि खवल्याच्या बगलेत डोळा असतो. मुळाला यांतले काहीही नसते. हळकुंडावरची कडी बोटाने चाचपून पाहायला सांगा, मुलांना व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

कोल्चिसीनचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पावसाळ्यात आपल्या कुंपणांवर फुलणारी कळलावी ही कोल्चिसीनची वनस्पती आहे. तिच्या बियांसाठी तमिळनाडूत तिची लागवड होते. तिचा जमिनीतला भाग नांगराच्या आकाराचा असतो, आणि ‘लांगली’ हे संस्कृत नाव त्यावरूनच पडले आहे. तो रताळे समजून शिजवून खाल्ल्याने विषबाधा झाल्याचे श्रीलंकेतून नोंदले गेले आहे: आधी उलट्या आणि जुलाब, मग रक्तपेशी घटणे, आणि वाचलेल्या रुग्णाचे केस पुढल्या आठवड्यांत गळणे. ‘कंद’ शब्दाच्या सैलपणाचे याहून कडू उदाहरण माझ्याजवळ नाही.

रात्रपाळी

मी कोकणातल्या एका रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी असून ग्लायकोसाइडांशी माझी ओळख पुस्तकापेक्षा अपघात विभागात अधिक झाली. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया खाल्लेला रुग्ण येतो तेव्हा त्याची नाडी मंद आणि अनियमित असते, रक्तातले पोटॅशियम वाढलेले असू शकते आणि हृदयालेख डिजॉक्सिनच्या विषबाधेसारखा दिसतो. याचे कारण असे की बिट्टीतले थेव्हेटीन आणि औषध म्हणून दिले जाणारे डिजॉक्सिन ही दोन्ही एकाच कुळातली, हृदयावर क्रिया करणारी ग्लायकोसाइडे आहेत आणि दोन्ही पेशीच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात. इंग्रज वैद्य विल्यम विदरिंग यांनी डिजिटॅलिसवरचा, म्हणजे डिजॉक्सिन ज्या वनस्पतीतून मिळते तिच्यावरचा, आपला ग्रंथ १७८५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून औषधी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यातले अंतर किती थोडे आहे हे वैद्यकाला माहीत आहे.

तुमची व्याख्या कोरडी वाटते, कारण तिच्यात दोन भागांची कामे सांगितलेली नाहीत. साधारणपणे औषधी क्रिया साखरेतर भागाची, म्हणजे अॅग्लायकोनची असते. साखर त्या रेणूची पाण्यातली विद्राव्यता आणि शरीरातला प्रवास ठरवते. सोनामुखीचे उदाहरण घ्या. सेनोसाइडे पोटात आणि लहान आतड्यात फारशी शोषली जात नाहीत, कारण त्यांना साखर जोडलेली असते. ती मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू साखर तोडतात, क्रियाशील भाग मोकळा होतो आणि मग आतडे हलू लागते. यासाठी सहा ते बारा तास लागतात, म्हणून सोनामुखी रात्री निजताना घ्यायची. साखर ही येथे पाकिटावरच्या पत्त्यासारखी आहे: पत्ता मोठ्या आतड्याचा, पाकीट फोडणारे जिवाणू.

साखर तुटणे कधी घातकही ठरते. ज्या कसाव्याच्या पिठूळ मुळांपासून आपला उपवासाचा साबुदाणा होतो, त्यांत लिनामरिन हे ग्लायकोसाइड असते. मूळ किसले की पेशी फुटून त्यांच्यातले विकर लिनामरिनशी भिडते आणि अखेरीस हायड्रोजन सायनाइड सुटते. स्टार्च निवळताना, धुताना आणि पुढे तापवताना ते निघून जाते, म्हणून एकादशीला चिंता नको.

तेव्हा माझ्या मते व्याख्या अशी असावी: ‘एक किंवा अधिक शर्करा ज्याला ग्लायकोसाइडी बंधाने जोडलेल्या आहेत, आणि आम्ल किंवा विकर यांच्या क्रियेने ज्यापासून शर्करा आणि अॅग्लायकोन वेगळे होतात, असे संयुग.’ खाली टीप म्हणून दोन्ही भागांची कामे लिहा.

संज्ञावही (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ‘अल्कलॉइड’ तसाच ठेवतो आणि ‘क्षार’ची नोंद दोन अर्थांनी देतो. सुधारलेली व्याख्या अशी: ‘मुख्यत्वे वनस्पतींत आढळणारे, नायट्रोजनयुक्त, बहुधा आम्लारिधर्मी असे सेंद्रिय संयुग, त्याच जैविक मार्गाने घडणारी काही उदासीन संयुगेही यात गणली जातात, मात्र अमिनो आम्ले, प्रथिने व न्यूक्लिइक आम्ले गणली जात नाहीत.’ ‘बहुधा’ हा शब्द व्याख्येत घालताना हात अडखळतो, पण तो काढला तर कोल्चिसीन बाहेर पडते.

नवसागर यांनी शब्दाच्या जन्माची कथा सांगितली त्यावरून आठवले. कासिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये ‘व्हायटमीन’ हे नाव दिले ते ही सर्व द्रव्ये अमाइन, म्हणजे नायट्रोजनयुक्त संयुगे, असतात या समजुतीने; क जीवनसत्त्वात नायट्रोजन औषधालाही नाही. आपल्या ‘जीवनसत्त्व’ या शब्दात ती चूक शिरलीच नाही. म्हणजे परक्या शब्दाचे अवयव उचलून भाषांतर करण्यापेक्षा पदार्थाचे काम पाहून शब्द घडवलेला बरा, असे वाटू लागले आहे. या न्यायाने ‘टॅनीन’ला ‘तुरटद्रव्य’ म्हणावे का?

नवसागर

म्हणू नये, कारण ऐकणाऱ्याला तुरटी आठवेल, आणि तुरटी तर खनिज क्षार आहे. आपण पुन्हा आघाडा यांच्या चुलीपाशी येऊ. टॅनीनची व्याख्याच मुळी कामावरून झालेली आहे. बेट-स्मिथ आणि स्वेन यांनी १९६२ मध्ये दिलेल्या व्याख्येनुसार साधारण ५०० ते ३००० रेणुभाराची, पाण्यात विरघळणारी, अल्कलॉइडे, जिलेटीन व अन्य प्रथिने यांचा अवक्षेप (तळाशी बसणारा साका) पाडणारी फिनॉली संयुगे म्हणजे टॅनिने. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात गोळा होणारा बाळहिरडा चघळला की जीभ आखडते ती लाळेतली प्रथिने अशी बांधली गेल्यामुळे, आणि कातडे कमावले जाते तेही प्रथिनांशी त्यांच्या याच सलगीमुळे.

व्याख्येतल्या ‘अल्कलॉइडे’ या शब्दाकडे मुलांचे लक्ष वेधा. टॅनीन आणि अल्कलॉइड एका बाटलीत आले की दोघांचा मिळून साका तळाशी बसू शकतो. साका टॅनीनमुळेच बसतो असेही नाही. जुन्या काळी स्ट्रिक्नीनच्या द्रावणात पोटॅशियम ब्रोमाइड मिसळून शक्तिवर्धक मिश्रण दिले जाई. स्ट्रिक्नीन ब्रोमाइडाचे स्फटिक हळूहळू तळाशी जमत, आणि रुग्णाने रोज न हलवता वरवरचे ओतून घेतले तर साऱ्या बाटलीतले विष शेवटच्या मात्रेत एकवटे. औषधमिश्रणाच्या पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या दिले जात आहे. ‘बाटली हलवून औषध घ्यावे’ ही चिठ्ठीवरची ओळ तुमच्या वहीत ‘अवक्षेप’ या नोंदीखाली घाला.